भ्रूणात रेणू सोडणे

वाढत्या, जिवंत भ्रूणात डीएनए, आरएनए, प्रथिन किंवा औषधी रेणू नेमक्या जागी पोहोचवून त्याच्या घडणीत काय बदलते ते पाहण्याची प्रायोगिक पद्धत. एखादे जनुक अवयव घडताना काय काम करते, हे ते जास्तीचे देऊन किंवा दाबून टाकून पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही.

या कामाची पहिली पायरी खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांना परकी नाही. खुडूक कोंबडी बुट्टीत अंड्यांवर बसवली की आठवडाभराने घरातली बाई अंधारात एकेक अंडे बॅटरीच्या उजेडावर धरते. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे परत कोंबडीखाली, नाही तर बाजूला. प्रयोगशाळेतही अंडे उजेडावरच पारखतात. दुकानातली पोल्ट्रीची अंडी मात्र चालत नाहीत. कोंबड्याविना घातलेली ती अंडी फलित नसतात.

फलित अंडे सुमारे ३८ अंश सेल्सिअसला दीड-दोन दिवस उबवतात. सिरिंजने थोडा पांढरा बलक काढला की भ्रूण कवचापासून खाली सरकतो. मग कात्रीने कवचाला खिडकी पाडतात. पिवळ्या बलकावर भ्रूण जवळजवळ दिसतच नाही, म्हणून त्याच्याखाली पातळ काळी शाई सोडतात. पुढे ज्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होणार त्या मज्जानलिकेत काचेच्या बारीक सुईने रंग मिसळलेला डीएनए भरतात. दोन्ही बाजूंना तारा ठेवून विजेचे काही क्षणिक ठोके दिले की पेशींच्या पटलांना तात्पुरती छिद्रे पडतात. डीएनए ऋणभारित असल्याने तो धन टोकाकडच्याच पेशींत शिरतो. खिडकीला चिकटपट्टी लावून अंडे पुन्हा उबेत. दुसऱ्या दिवशी, त्या डीएनएवरून पेशींत तयार झालेल्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे नलिकेची एकच बाजू हिरवी दिसते. दुसरी बाजू कोरी राहते, आणि पद्धतीचे खरे बळ तिथेच आहे: त्याच भ्रूणात, त्याच वयाची, त्याच उबेतली तुलना हाताशी असते. मुरामात्सू व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ही पद्धत वापरून दाखवली.

झेब्राफिश या छोट्या माशात विजेची गरज पडत नाही. फलनानंतर पाऊण तासात पहिली पेशी दुभागते. त्याआधी सुमारे एक नॅनोलिटर द्रव, म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग, सुईने आत सोडतात. द्रव जास्त झाला तर भ्रूण त्यानेच बिघडतो. म्हणून नुसता रंग टोचलेली अंडी शेजारी ठेवलेली नसतील, तर अशा प्रयोगावर विश्वास ठेवू नये. उंदराचा टोचलेला भ्रूण पुढे वाढण्यासाठी मादीच्या गर्भाशयाच्या नळीत किंवा गर्भाशयात ठेवावा लागतो.

मज्जानलिका कशी मिटते, याची बरीचशी समज अशा भ्रूणांवरच्या कामातून आली. माणसात ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते, पाळी चुकल्याचे नीट लक्षात येते न येते तोवर. म्हणूनच नलिका नीट मिटायला मदत करणारी फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते; पहिल्या तपासणीला ती हातात पडेपर्यंत नलिका बहुधा मिटून गेलेली असते.