दहावीच्या टक्क्यावरून हायस्कूल जोखण्याआधी: सातारा जिल्ह्यातल्या शाळांची मागची गोष्ट

दहावीचा निकाल लागला की एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतात, १०० टक्के निकालाची परंपरा कायम वगैरे, आणि मग व्हॉट्सॲपवर याद्या फिरायला लागतात की तालुक्यात कुठलं हायस्कूल एक नंबर, कुठलं मागं पडलं. आईबाप त्यावरून पोरांचं ॲडमिशन ठरवतात. मी मूळचा माण तालुक्यातला, मला या याद्या बघून खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यातली हायस्कूलं काही एका साच्यातनं निघालेली नाहीत. कोण कधी आणि कशासाठी उभं राहिलं ते न बघता टक्के लावणं म्हणजे कृष्णाकाठचा ऊस आणि माणदेशातली बाजरी एकाच काट्यावर घालणं झालं.

सुरुवात साताऱ्यातनंच करू. इंग्रजांच्या काळात सरकारी हायस्कूल जिल्ह्याच्या गावाला, खेड्यातल्या पोरानं तिथं जायचं तर राहायचं कुठं आणि खायचं काय, हाच पहिला प्रश्न. राजवाड्याजवळचं आजचं प्रतापसिंह हायस्कूल म्हणजे तेच जुनं सरकारी हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव तिथं दाखल झालं, रजिस्टर नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हे हायस्कूल आज जिल्हा परिषदेकडं आहे, पण असं उदाहरण कमीच. १९६१ च्या कायद्यानं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्यांच्याकडं मुख्यतः प्राथमिक शाळा गेल्या, हायस्कूलं बहुतेक संस्थांचीच राहिली. म्हणजे आपण गावात ज्याला सरकारी हायस्कूल म्हणतो ते बऱ्याचदा अनुदानित असतं, इमारत संस्थेची, मास्तरांचा पगार सरकारचा. इथंच तुलनेत पहिला घोळ होतो.

आता रयत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीधर्माच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग नाव मिळालं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे पोरांच्या वहिनींनी, अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिलं. मला ही गोष्ट आजीनं सांगितली होती, ती स्वतः शाळेत गेलेली नव्हती, तरी सांगताना दरवेळी तिचे डोळे भरायचे. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, कमवा आणि शिका या तत्त्वावर, पोरांनी रानात राबायचं आणि त्यावर शिकायचं. गांधीजी गेल्यावर अण्णांनी, म्हणजे कर्मवीरांनी, गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कूलं काढायचा निश्चय केला. ही हायस्कूलं निघाली ती ज्या घरात आधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं त्या घरांसाठी, त्यामुळं गुणवत्ता यादीत किती नावं हा त्यांचा हिशोबच नव्हता. याउलट शहरातल्या जुन्या शाळांकडं पोरं यायची ती घरातनंच लिहायला वाचायला शिकून. दोघांचा टक्का शेजारी शेजारी ठेवला तर आपण शाळा मोजतोय की घर?

पुढं यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न १२०० रुपयांच्या आत त्यांच्या पोरांना फी माफ झाली, त्यानं गावोगावचे वर्ग भरायला लागले. १९७५ ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड आलं. तोवर मोठ्या गावात एक हायस्कूल आणि आसपासच्या वाड्यांची पोरं चालत किंवा एसटीनं, हे चित्र बसलं होतं. कुठल्या शाळेत जायचं ते आजही खूपदा सकाळची गाडी ठरवते.

मग २००१ पासून नवीन शाळांना कायम विनाअनुदानितचा शिक्का, म्हणजे सरकारी अनुदान कधीच नाही, २००९ ला त्यातला कायम शब्द निघाला पण पगारासाठी मास्तर वर्षानुवर्षं ताटकळले. २०१२ ला शिक्षकभरती बंद झाली ती काही वर्षं बंदच राहिली आणि रिटायर झालेल्यांच्या जागा कितीतरी शाळांत तशाच राहिल्या. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावरच्या पोरांच्या संख्येवर ठरते, त्यामुळं पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं डोंगरात पट कमी की शिक्षक कमी, मग गणिताचे सरच विज्ञान घेणार आणि तेच खेळाचा तासही घेणार. त्या शाळेचा ८५ टक्के आणि साताऱ्यातला ९८ टक्के, यात मला ८५ मोठा वाटतो, खरंच.

आणि टक्का स्वतः तरी किती पक्का? २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ होता, २०१९ ला ७७.१० झाला. पोरं एका वर्षात ढ झाली नाहीत, भाषा विषयांचे तोंडीचे मार्क काढले होते. पुढच्या वर्षी मार्क परत आले आणि टक्का ९५ च्या पुढं गेला.

त्याहून वाईट म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. हा फॉर्म चांगल्यासाठी आहे, शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून, पण नववीत कच्च्या पोराच्या बापाला बोलावून, यंदा बाहेरून बसवा, असं सांगणारी हायस्कूलंही आहेत, कारण बाहेरून बसलेला नापास झाला तर तो शाळेच्या निकालात धरला जात नाही. माझ्याच वर्गात हे झालं. माझ्या बाकावरचा मित्र, आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहायचा, नववीत तीन विषय गेले आणि हातात फॉर्म आला. त्या वर्षी आमच्या हायस्कूलचा निकाल १०० टक्के लागला, पेढे वाटले. आठवीत आम्ही एका बाकावर तिघं बसायचो, आणि दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत मागची अख्खी रांगच नाही.