बेसमेंटच्या काँक्रीटवर क्लिअर कोट मारायचाय? आधी खालचं पाणी बघा

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी बेसमेंट म्हणजे कधीच न संपणारा प्रोजेक्ट. बरेच दिवस बॉक्स आणि ट्रेडमिल ठेवून झालं की घरात कुणाला तरी वाटतं, या करड्या फरशीवर एखादा पारदर्शक कोट मारू, चकाकेल पण आणि पांढरी धूळ पायाला लागायची बंद होईल, कार्पेटचा खर्चही वाचेल. कल्पना चांगलीच आहे. फक्त दुकानात "काँक्रीट सीलर" या एकाच नावाखाली तीन-चार पूर्ण वेगळ्या केमिस्ट्रीचे डबे ठेवलेले असतात, आणि त्यातला चुकीचा उचलला की काही महिन्यांत फरशीवर पांढरे ढग, फोड आणि पापुद्रे. मग लोक सीलरला शिव्या घालतात, खरा घोळ खालून येणाऱ्या पाण्याचा असतो.

काँक्रीट दिसायला दगड वाटतं पण आतून ते सच्छिद्र असतं. सिमेंटची पाण्याशी रिॲक्शन पूर्ण व्हायला सिमेंटच्या वजनाच्या साधारण 0.4 पट पाणी पुरतं, पण एवढ्याच पाण्यात केलेला माल घट्ट होतो, पसरवायला त्रास होतो, म्हणून साइटवर 0.5, 0.6, कधी त्याहून जास्त पाणी घालतात. हे जादा पाणी नंतर उडून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते, तीच केशनलिकांसारखी बारीक छिद्रं, काही नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंत. पाण्याचा रेणू जेमतेम 0.3 नॅनोमीटरचा, त्याला हा राजमार्गच. अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या टी. सी. पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात दाखवलं की पाण्याचं प्रमाण 0.4 असेल तर ही छिद्रं काही दिवसांतच एकमेकांपासून तुटतात, 0.6 ला सहा महिने लागतात, आणि 0.7 च्या वर गेलं तर ती कधीच तुटत नाहीत, कितीही वर्षं क्युरिंग करा, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवा.

आता या फरशीखाली काय आहे ते बघा. शिकागोत जमीन हिवाळ्यात गोठते, म्हणून घराचा पाया 42 इंचांच्या खाली न्यावा लागतो, आणि एवढं खोदलंच आहे तर अजून थोडं खोदून खोली काढू, असा बेसमेंटचा हिशोब. पण एवढ्या खोल मातीतली हवा जवळजवळ 100 टक्के दमट असते, वर्षभर. वर खोलीत 50 टक्के. त्यामुळे वाफ सतत खालून वर येत राहते आणि वर येऊन हवेत मिसळते, म्हणून फरशी कोरडी दिसते. नव्या घरात काँक्रीटखाली खडीचा थर आणि पॉलिथिनची शीट असते, ती ही वाट बरीच अडवते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरात ती शीट बहुतेक वेळा नसतेच.

हे पाणी येताना एकटं येत नाही. सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरीचा चुनाच, थोडा विरघळवून वर आणतं, पाणी उडतं आणि चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी पावडर होतो. कोकणात ओल चढून भिंतीला लोणा फुटतो तशातलाच प्रकार. पावडरवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं तर हीच भानगड समजायची.

म्हणून डबा आणायच्या आधी टेस्ट. 18 इंच चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने पक्कं चिकटवा, निदान 16 तास ठेवा, मी तर दोन-तीन दिवस ठेवा म्हणेन. खालच्या बाजूला थेंब आले किंवा काँक्रीट काळपट झालं तर पाणी जमिनीतून येतंय. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला ओल आली तर ती हवेतली आहे, जुलैत बाहेरची दमट हवा आत येते, फरशी 15-16 डिग्रीला थंड असते, आणि 24 डिग्रीच्या 70 टक्के दमट हवेचा दवबिंदू 18 च्या आसपास असतो, मग पाणी सुटणारच. त्याला जगातलं कुठलंही सीलर उपाय नाही, डीह्युमिडिफायर लावा. ही टेस्ट हो की नाही एवढंच सांगते. आकडा हवा असेल तर फरशीत तिच्या जाडीच्या 40 टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आत सेन्सर ठेवतात. घर नवं असेल तर अजून एक, 28 दिवस झाले म्हणजे काँक्रीट वाळलं असं नाही, 28 दिवस ताकद येण्याचे. वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे 4 इंचांना चार महिने.

मग डबा कुठला? ॲक्रिलिक हे वर पातळ फिल्म धरतं. छान ओला-ओला गडद रंग येतो, त्याचं कारण पण मजेशीर आहे. कोरड्या काँक्रीटच्या छिद्रांत हवा असते, हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) 1 आणि खनिजांचा दीडच्या वर, त्या फरकामुळे प्रकाश प्रत्येक कडेवर विखुरतो आणि फरशी फिकट दिसते. छिद्रांत ॲक्रिलिक भरलं की त्याचा अपवर्तनांक साधारण 1.49, फरक जवळजवळ मिटतो, प्रकाश आत शिरतो आणि रंग खुलतो. पांढरे ढग येतात ते याच्या उलट कारणाने, फिल्ममध्ये ओल अडकते, बारीक पोकळ्या होतात आणि प्रकाश परत विखुरायला लागतो.

एपॉक्सी आणि युरेथेन ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कणखर, गॅरेजमध्ये उत्तम, पण वाफ त्यांच्यातून फार कमी जाते. वाफ खाली साठते, ओलीत चुना विरघळून पीएच 12 च्या वर जातो, आणि चिकटलेली बाजू सुटायला लागते. टेस्टमध्ये ओल निघालेल्या जुन्या फरशीवर एपॉक्सी मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे, सेल्समन काहीही म्हणो.

अशा फरशीला सोडियम किंवा लिथियम सिलिकेटवाला डेन्सिफायर बरा. तो फिल्म धरतच नाही, आत जाऊन त्याच मोकळ्या चुन्याशी रिॲक्शन करतो आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, म्हणजे सिमेंटला ज्याच्यामुळे ताकद येते तेच. छिद्रं अरुंद होतात, धूळ थांबते, वाफ तरीही जात राहते. चकाकी मात्र फारशी येत नाही, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा. सिलेन-सिलॉक्सेन हा आणखी एक प्रकार, छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतो पण छिद्र बंद करत नाही, डागांपासून थोडं संरक्षण मिळतं.

यातलं काहीही मारण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच जिरला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर आधीच्या मालकाने काहीतरी मारून ठेवलंय, ते घासून काढल्याशिवाय नवं आत जाणार नाही. आणि रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूचं काम यातून होईल अशी आशा ठेवू नका, फक्त सीलिंगने रेडॉन भरवशाने कमी होत नाही असं अमेरिकेची ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था सांगते. रेडॉनच्या मोजणीत लिटरला 4 पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) किंवा जास्त आलं तर फरशीखालची हवा पंख्याने ओढून छपरावर सोडणारी सिस्टिम बसवावी लागते, आणि तिचा पाइप आधी टाकून घ्या, नवीन कोट फोडायला नको.

शेवटी एक, आणि हे खरंच सिरियसली घ्या. झायलीन या सॉल्व्हंटमध्ये बनवलेल्या ॲक्रिलिकची वाफ पेट घेणारी आणि हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि बेसमेंटच्या कोपऱ्यात गॅसच्या वॉटर हीटरची पायलट ज्योत बहुतेक जमिनीपासून हातभर उंचीवरच पेटलेली असते. पाण्यात बनवलेलं ॲक्रिलिक घ्या, चकाकी जरा कमी पडेल, पडू दे.