ग्रेहाउंड शर्यती (ब्रिटन व आयर्लंड)

ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांना लंबवर्तुळाकार धावपट्टीवर यांत्रिक सशामागे पळवून त्यांवर पैजा लावण्याचा व्यावसायिक खेळ. ब्रिटनमध्ये तो १९२६ साली आणि आयर्लंडमध्ये १९२७ साली सुरू झाला. या खेळाची भरभराट आणि घसरण यांचा उलगडा कुत्र्यांच्या वेगापेक्षा पैजांविषयीच्या कायद्यांतून अधिक नीट होतो. गेल्या शंभर वर्षांत त्याचे जे झाले, त्यातले बरेचसे धावपट्टीवर न घडता संसदेत घडले.

या शर्यतींचे मूळ ‘कोर्सिंग’ या जुन्या मैदानी खेळात आहे. त्यात दोन ग्रेहाउंड जिवंत सशामागे सोडले जात आणि सशाला वळण घ्यायला कोणता कुत्रा अधिक वेळा भाग पाडतो, यावर पंच गुण देत. सशाला मारणे हा विजयाचा निकष नव्हता. लॉर्ड ऑरफर्ड यांनी १७७६ मध्ये नॉरफकमधील स्वाफम येथे पहिला कोर्सिंग क्लब स्थापन केला. लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकार येथील ‘वॉटर्लू कप’ ही १८३६ पासूनची स्पर्धा या खेळात सर्वोच्च मानली जाई. आयर्लंडच्या मास्टर मॅग्रा या कुत्र्याने ती १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा जिंकली. कोर्सिंगसाठी मोठी शेते, मोकळा दिवस आणि गाठीला पैसा लागे. त्यामुळे तो जमीनदारांचा आणि त्यांच्या कुळांचाच खेळ राहिला. लंडनजवळ हेंडन येथे १८७६ मध्ये रुळावरून ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम सशामागे कुत्रे पळवून पाहण्यात आले. धावपट्टी सरळ असल्याने सर्वांत वेगवान कुत्राच दर वेळी पुढे राही आणि निकालात चुरस उरत नसे. तो प्रयोग लवकरच विस्मरणात गेला.

वळणदार धावपट्टी आणि विजेवर चालणारा ससा ही जोडी जमवली ती ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने. त्याची पहिली यशस्वी धावपट्टी १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे सुरू झाली. चार्ल्स मन या अमेरिकी व्यावसायिकाने ही कल्पना इंग्लंडमध्ये आणली. कॅनडात जन्मलेले ब्रिगेडियर जनरल अल्फ्रेड क्रिचली आणि इतर काही जणांच्या साहाय्याने ‘ग्रेहाउंड रेसिंग असोसिएशन’ ही कंपनी उभी राहिली. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियममध्ये २४ जुलै १९२६ रोजी पहिली शर्यत झाली आणि ती मिस्टली नावाच्या कुत्र्याने जिंकली. त्या संध्याकाळी जेमतेम सतराशे प्रेक्षक आले होते. काही आठवड्यांतच हा आकडा दहा हजारांपलीकडे गेला.

इतक्या झपाट्याने गर्दी जमण्याचे कारण तेव्हाच्या कायद्यात होते. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैज घेणे हा गुन्हा ठरवला होता. उधारीवर पैज लावण्यास मनाई नव्हती, पण ती सोय बुकमेकरकडे, म्हणजे पैजा घेणाऱ्या व्यावसायिकाकडे, खाते असलेल्या सुखवस्तू लोकांपुरतीच होती. शर्यतीच्या मैदानावर रोख पैज कायदेशीर होती. मात्र घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि बहुधा शहरापासून दूर भरत. ग्रेहाउंडच्या शर्यती शहराच्या मधोमध, संध्याकाळी, विजेच्या झगझगीत दिव्यांखाली होत. गिरणीतून किंवा गोदीतून सुटलेल्या कामगाराला ट्रामने तिथे जाता येई, चार पैसे लावता येत आणि रात्री वेळेत घरी परतता येई. पाळतीवर असलेल्या पोलिसांची नजर चुकवत गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती चिठ्ठी देण्यापेक्षा हे केव्हाही बरे होते.

१९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले आणि नंतर ओस पडलेले लंडनचे व्हाइट सिटी स्टेडियम १९२७ मध्ये या शर्यतींसाठी खुले झाले. पहिली इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही मानाची स्पर्धा त्याच वर्षी तिथे झाली आणि एंट्री बॅज हा कुत्रा विजेता ठरला. हॅरिंगे आणि वेम्बली येथेही त्याच वर्षी शर्यती सुरू झाल्या. नियम ठरवण्यासाठी १९२८ मध्ये ‘नॅशनल ग्रेहाउंड रेसिंग क्लब’ स्थापन झाला. त्याच्या कक्षेबाहेरची विनापरवाना मैदाने ‘फ्लॅपिंग ट्रॅक’ म्हणून ओळखली जात. तिथे एकच कुत्रा निरनिराळ्या नावांनी धावल्याच्या कथा विपुल आहेत, आणि त्या सगळ्याच काही खोट्या नसाव्यात.

ब्रिटिश शर्यतीत साधारणपणे सहा कुत्रे असतात. शर्यतीपूर्वी प्रत्येकाचे वजन होते आणि ओळखपुस्तिकेशी त्याचे शरीर पडताळले जाते. अंगावरच्या ठिपक्यांप्रमाणेच नखांचे रंगही या पुस्तिकेत नोंदवलेले असत, कारण कुत्रा बदलणे हीच या व्यवसायातली सर्वांत जुनी लबाडी होती. पिंजरा क्रमांक एकपासून सहापर्यंत कुत्र्यांना अनुक्रमे लाल, निळे, पांढरे, काळे, नारिंगी आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालतात. ससा पिंजऱ्यांसमोरून ठरावीक अंतर पुढे गेला की दारे उघडतात. उंचावरच्या खोलीत बसलेला चालक सशाचा वेग असा राखतो, की तो कुत्र्यांच्या तोंडी लागत नाही आणि फार दूरही जात नाही. पहिल्या वळणावर कोण आतल्या कडेने घुसतो आणि कोण कोणावर आदळतो, यावरच पुष्कळदा निकाल ठरतो. साधारण अर्ध्या मिनिटात सारे आटोपते आणि पैसे वाटून झाले की पुढच्या शर्यतीचे कुत्रे मैदानात येतात.

आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या सेल्टिक पार्कवर एप्रिल १९२७ मध्ये आणि डब्लिनच्या शेलबर्न पार्कवर मे महिन्यात शर्यती सुरू झाल्या. आयरिश फ्री स्टेटमध्ये, म्हणजे स्वतंत्र झालेल्या दक्षिण आयर्लंडमध्ये, १९२६ च्या कायद्याने पैजांची दुकाने अधिकृत झालीच होती, त्यामुळे ब्रिटनसारखी कोंडी तिथे नव्हती. आयर्लंडचे खरे बळ पैदाशीत होते. लहान शेतकरी आणि गावचे धर्मगुरू घरी कुत्रे वाढवत आणि चांगला निघालेला कुत्रा इंग्लंडला विकत. ऑफली परगण्यातील किली या गावचे फादर मार्टिन ब्रॉफी यांचा मिक द मिलर हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. १९२९ च्या डर्बीच्या पहिल्या फेरीत त्याने ५२५ यार्डांचे अंतर ३० सेकंदांच्या आत कापले आणि लगेच एका बुकमेकरने त्याला ८०० गिनींना विकत घेतले. त्या वर्षीची आणि १९३० ची डर्बी त्याने जिंकली. १९३१ च्या अंतिम शर्यतीत तो पहिला आला, पण कुत्र्यांच्या आपसातील धक्काबुक्कीमुळे ती पुन्हा घ्यावी लागली आणि फेरशर्यतीत तो हरला. १९३९ मध्ये तो मरण पावल्यावर त्याचे शरीर पेंढा भरून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन करण्यात आले. ते आता या संग्रहालयाच्या ट्रिंग येथील शाखेत आहे.

१९३४ च्या कायद्याने ब्रिटनमधील ग्रेहाउंड मैदानांवर ‘टोट’ला, म्हणजे सर्वांच्या पैजांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटण्याच्या पद्धतीला, मान्यता दिली, मात्र पैजांचे दिवस वर्षाला १०४ एवढेच ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या हाती पैसा होता, पण दुकानांत माल नव्हता. १९४६ मध्ये या मैदानांवरील टोटची उलाढाल १९.६ कोटी पौंडांवर गेली. पुढच्याच वर्षी इंधनटंचाईमुळे शर्यतींवर निर्बंध आले आणि त्यापाठोपाठ टोटवर १० टक्के कर बसला. घोड्यांच्या शर्यती या करातून वगळल्या होत्या, ही तक्रार ग्रेहाउंडवाल्यांनी पुढे अनेक वर्षे केली आणि ती रास्त होती.

१९६० च्या कायद्यानुसार मे १९६१ पासून पैजांची दुकाने गल्लोगल्ली उघडली आणि मैदानाचे मूळ आकर्षणच संपले. तरीही त्याचा तोरा लगेच गेला नाही. १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीने आपली ठरलेली ग्रेहाउंड शर्यत रद्द करण्यास नकार दिला, म्हणून उरुग्वे-फ्रान्स हा फुटबॉल सामना व्हाइट सिटीवर खेळवावा लागला. १९६७ पासून दुपारच्या शर्यती खास पैजांच्या दुकानांसाठी भरू लागल्या. प्रेक्षक नसले तरी चालेल, असा हा नवा हिशेब होता. १९८६ मध्ये बॅलीरेगन बॉब या कुत्र्याने सलग ३२ शर्यती जिंकून थोडा काळ जुनी गर्दी परत आणली. शहरांतील जमिनींचे भाव मात्र कोणत्याही कुत्र्याला आवरणारे नव्हते. व्हाइट सिटी १९८४ मध्ये, वॉल्थमस्टो २००८ मध्ये, विम्बल्डन २०१७ मध्ये आणि जिथून आरंभ झाला ते बेल व्ह्यू २०२० मध्ये बंद झाले.

आयर्लंडमध्ये १९५८ च्या कायद्याने ‘बोर्ड ना गॉन’ हे सरकारी मंडळ स्थापन झाले आणि २००१ पासून खेळाला घोड्यांच्या शर्यतींबरोबर सरकारी निधी मिळू लागला. ब्रिटनमध्ये धावणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य आजही आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात. निवृत्त कुत्र्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन्ही देशांत दीर्घकाळ टाळला गेला. डरहॅम परगण्यातील सीहॅम येथे हजारो ग्रेहाउंड मारून पुरल्याचे २००६ मध्ये उघड झाल्यावर चौकशी झाली, २००९ मध्ये ‘ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन’ ही नवी नियामक संस्था आली आणि २०१० मध्ये इंग्लंडपुरते कल्याणविषयक नियम लागू झाले. आयर्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने कुत्र्याचा जन्मापासूनचा माग ठेवण्याची तरतूद केली. वेल्स सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. तिथे तेव्हा अस्त्रद मनाख येथे एकच मैदान चालू होते. स्कॉटलंडच्या संसदेतही त्याच वर्षी बंदीचे विधेयक मांडले गेले, तर ब्रिटिश सरकारने इंग्लंडमध्ये बंदी आणण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले.