जनावरांच्या बाजारातील करपल्लवी आणि देहबोली

गुरांच्या खरेदी-विक्रीत वापरल्या जाणाऱ्या दोन मुक्या भाषा. एक माणसांची, रुमालाखाली बोटे धरून किंमत सांगण्याची. तिला करपल्लवी किंवा हत्ता पद्धत म्हणतात. दुसरी जनावराची, कान, डोळे, शेपूट, पाठ आणि चाल यांतून उमटणारी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात या दोन्ही भाषा एकाच दावणीपाशी भेटतात. खरसुंडीच्या (ता. आटपाडी) सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत, पुसेगावच्या (ता. खटाव) सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आणि जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेत भरणारे बाजार मुख्यतः खिलार जातीच्या जनावरांचे. खिलारच्या एका प्रकाराचे नावच आटपाडी महाल आहे. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हाच्या कारभारातला हा ‘महाल’, म्हणजे तालुक्यासारखा विभाग.

बाजारात आलेल्या नवख्याचे लक्ष रुमालाखालच्या हातांकडे जाते, कारण तिथे काहीतरी लपलेले असते. खरे पाहायचे असते ते जनावराकडे.

रुमालाखालचा सौदा

सौद्यात विकणारा, घेणारा आणि बहुधा एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, असे तिघे असतात. बोलणी करणारे दोघे समोरासमोर उभे राहून उजवे हात पुढे करतात आणि त्यावर टॉवेल, उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकतात. किंमत सांगणारा समोरच्याची बोटे धरून दाबतो. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा धरला तर पाच. सहा ते नऊसाठी आधी पंजा आणि लगेच उरलेली बोटे. दहा हजारांची फेरी चालू आहे की हजारांची, हे तोंडाने सांगतात, नाहीतर जनावर बघून दोघांना ते कळलेले असते. बहात्तर हजार सांगायचे तर दहा हजारांच्या फेरीत पंजा आणि दोन बोटे, मग हजारांच्या फेरीत नुसती दोन. बारीक खुणा बाजारागणिक आणि हेड्यागणिक बदलतात.

चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. ‘पंजा, मग दोन’ म्हणजे सात. पण पंजा सोडल्यावर हात क्षणभर रेंगाळला, तर समोरच्याला ती दोन बोटे पुढच्या फेरीची वाटतात आणि साताचे बावन्न होतात. म्हणून जाणता माणूस प्रत्येक फेरीआधी ‘दहा हजार’, ‘हजार’ असे मोठ्याने म्हणतो आणि इसार देण्यापूर्वी सगळा आकडा पुन्हा एकदा बोटांवर फिरवून घेतो. नकार असेल तर बोटे झटकली जातात किंवा हात काढून घेतला जातो. पटले तर हातावर हात पडतो.

भोवती उभ्या असलेल्यांना भाव कळू नये, हा या पद्धतीचा हेतू. एका जोडीचा भाव फुटला की शेजारच्या दावणीवरचा घेणारा तोच धरून बसतो. यात तोटा होतो तो सौदा हेड्यावर सोपवून बाजूला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा. हेडी एका हाताने घेणाऱ्याशी आणि नंतर दुसऱ्या रुमालाखाली विकणाऱ्याशी बोलतो. दोन्ही हातांतला फरक फक्त त्यालाच माहीत असतो. जनावर स्वतःचे असेल तर रुमालाखाली हातही स्वतःचाच असावा, आणि दलाली किती ते आधी उघड बोलून घ्यावे. बाजार समित्यांनी शेतमालासाठी उघड लिलाव आणला तो याच कारणाने. जनावरांच्या सौद्यात मात्र करपल्लवी टिकली. अलीकडे मोबाइलवर आकडा लिहून दाखवणेही वाढले आहे.

बोटांच्या जोडीला व्यापाऱ्यांचे बोलीतले सांकेतिक आकडेही होते. या बोलीला नंदभाषा म्हणतात. तिच्यात केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ आणि अंगुळू दहा. विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात शंकराचे वर्णन याच शब्दांत आहे. त्याची मुखे मुळू, नेत्र उधानू आणि हात अंगुळू. पोकू म्हणजे चार वेद आणि शेली म्हणजे सहा शास्त्रे.

जनावर काय सांगते

गाय-बैल हे मुळात शिकार होणारे प्राणी. दुखणे उघड दाखवणारा कळपात पहिला मारला जातो, म्हणून ते वेदना अंगावर काढतात. त्यांच्या खुणा बारीक असतात आणि परका माणूस अगदी जवळ गेला की त्याही दबतात. त्यामुळे पहिली पाहणी पंधरा-वीस पावलांवरून, जनावराचे आपल्याकडे लक्ष नसताना करावी.

दूरवरून सर्वांत आधी रवंथ पाहावा. निरोगी जनावर दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि एकेक घास चाळीस ते साठ वेळा चघळते. बाजाराच्या गोंगाटातही डोळे अर्धे मिटून रवंथ करणारे जनावर बहुधा स्थिरावलेले आणि निरोगी असते. घास चघळण्याऐवजी नुसते दात करकर खात असेल, तर कुठेतरी दुखते आहे. श्वास भकाळीच्या, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेच्या, हालचालीवरून मोजता येतो. विसावलेल्या मोठ्या गुराचा मिनिटाला दहा ते तीस. दुपारच्या उन्हात किंवा नुकते वाहनातून उतरवल्यावर तो वाढलेला असणारच, म्हणून सकाळी मोजावा. डावी भकाळी टम्म दिसली तर पोट चाऱ्याने भरले आहे की मीठ चारून पाणी पाजले आहे, हे तासाभराने पुन्हा पाहिल्यावर लक्षात येते.

मग कान आणि डोळे. शांत जनावराचे कान आडवे, सैल असतात. दोन्ही कान टवकारून एकाच दिशेला लागले तर तिथे काहीतरी नवे आहे. कान मागे चिकटले, डोळ्यांचा पांढरा भाग जास्त दिसू लागला आणि मान ताठली, तर पुढची हालचाल पळण्याची किंवा मारण्याची. शेपूट मधूनमधून माश्या वारते ते वेगळे. माशी नसताना झटके बसत असतील तर चीड आहे, आणि दोन पायांत घट्ट दाबली असेल तर भीती, थंडी किंवा वेदना. वळू समोर येऊन नव्हे तर आडवा उभा राहून, पाठ फुगवून आपला आकार दाखवतो. नवखा माणूस हे त्याचे शांत उभे राहणे समजतो. मान खाली, शिंगे हलणारी, पुढच्या पायाने माती उकरणे ही त्यानंतरची पायरी. तिथून पाठ न फिरवता, बाजूने मागे सरावे.

उठणे-बसणे आणि चालणे मुद्दाम पाहावे लागते. गाय-बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतात आणि मग पुढचे पाय सरळ करतात. घोड्यासारखे आधी पुढून उठणारे जनावर सांधा, खूर किंवा पाठ सांभाळत असते. चालवायचे ते मऊ मातीत नव्हे, कडक जमिनीवर, आणि डावीकडे व उजवीकडे दोन्ही बाजूंना वळवून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते. उभे असताना सपाट असलेली पाठ चालताना कमानीसारखी वाकली, तर लंगडणे सुरू झाले आहे. दुखणे दाबणारे इंजेक्शन दिले असेल तर ते काही तास झाकले जाते. बैल घेताना जुंपूनच पाहावा, आणि डाव्या खांद्याचा आहे, उजव्या की दोन्ही खांद्यांचा, हे जू ठेवल्यावरच ठरवावे.

एकच खूण दोन घेणाऱ्यांना वेगळे सांगते. कान टवकारलेला, नुसत्या ‘चक् चक्’ आवाजावर उसळणारा खोंड शर्यतवाल्याला हवा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून त्यांचा रस्ता मोकळा आहे. तोच खोंड पेरणीच्या पाभरीला जुंपला तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडे जाते.

दात हे वयाचे विधान आहे. गुराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, पाहायचे ते खालचे आठ. दुधाचे सगळे असतील तर आदत, पहिली कायमची जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, मग सहादाती आणि आठही आले की जुळलेला. आपल्याकडील जनावरांत दुसा साधारण अडीच वर्षांचा, चौसा तीन ते साडेतीनचा, सहादाती चारचा आणि जुळलेला पाचच्या पुढचा धरतात. चाऱ्यावर आणि वंशावर सहा-सहा महिन्यांचा फरक पडतो. शिंगे साळलेली, तेल लावून चकचकीत केलेली असतात; त्यांवरून वय सांगणाऱ्याचे ऐकू नये.

अंगावरच्या भोवऱ्यांवरून खोड काढून भाव पाडण्याची रीत जुनी आहे. पाठीवरच्या किंवा पोटाखालच्या भोवऱ्याचा कामाशी काही संबंध नाही, आणि त्यापायी चांगली जनावरे कवडीमोल जातात हे वाईट आहे. कपाळावरच्या भोवऱ्याची गोष्ट थोडी निराळी: तो डोळ्यांच्या ओळीच्या बराच वर असलेली गुरे खोड्यात, म्हणजे जनावर अडकवून धरण्याच्या चौकटीत, घातल्यावर अधिक बिथरतात, असे मोजून पाहणाऱ्यांना आढळले आहे.

दुभत्या गाईची भाषा कासेत असते. आदल्या वेळची धार चुकवून आणली की कास ताणलेली, भरलेली दिसते. म्हणून संध्याकाळ आणि सकाळ, दोन्ही धारा समोर काढून पाहाव्यात. तरी बाजारात दूध कमीच निघते. भ्यालेल्या गाईच्या अंगात सुटणारे रसायन पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाला अडवते, आणि ती पान्हा चोरते. वासरू किंवा ओळखीचा हात लागला की पान्हा सुटतो, पण त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार संपवावी.

मेंढरांच्या बाजारात एकट्या मेंढीवरून काही कळत नाही, कारण कळपापासून तोडली की प्रत्येक मेंढी घाबरलेलीच दिसते. कळप चालवावा आणि मागे पडणारी हेरावी. माडग्याळसारखी उंच मेंढी असो की साधी, मागे राहणे ही तिची सर्वांत स्पष्ट तक्रार असते.

माणसाने काय बोलावे

गुराला मान न वळवता भोवतालचे जवळपास सगळे दिसते. न दिसणारी पट्टी असते ती थेट मागे. तिथून अचानक हात लावला तर लाथ बसते आणि दोष जनावराच्या माथी जातो. आधी आवाज द्यावा, मग पुढून, खांद्याच्या बाजूने तिरके यावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, हात खाली ठेवावा आणि पहिला स्पर्श मान किंवा खांद्याला करावा. गुरे एकमेकांना चाटतात ती मानेखालची, पोळीजवळची (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीजवळची) जागा खाजवली की बहुतेक जनावरे मान लांबवतात. दोन-चार पावलांवर आल्यावर जनावर सरकले तर तिथेच थांबून अर्धे पाऊल मागे घ्यावे. तसे केल्याने ते थांबते. पुढे रेटत राहिले तर दावे तुटेपर्यंत ताणते. खांद्याच्या रेषेच्या मागे उभे राहिले की ते पुढे चालते, पुढे गेले की थबकते किंवा मागे सरते. कासरा न ओढताही एवढे साधते.

लाल रुमालाने जनावर बिथरते हा समज चुकीचा आहे. त्याला लाल रंग नीट दिसतच नाही, बिथरवते ते फडफडणे. याउलट कान तीक्ष्ण असतात. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज त्याला ऐकू जातात, त्यामुळे शिट्टी आणि लोखंडी पत्र्याचा खडखडाट त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचतो.

हाकाऱ्यांचेही व्याकरण आहे. ‘चक् चक्’, ‘हॅक्’ असे आखूड, तुटक, पुन्हा पुन्हा केलेले आवाज चालायला लावतात. ‘हो ऽ ऽ हो’ असा लांब, खाली उतरत जाणारा स्वर थांबवतो. जगात इतरत्र घोडी आणि कुत्री हाकणाऱ्यांच्या बोलण्यातही हेच घाट सापडतात, शब्द कोणतेही असोत. घाबरलेला नवा मालक ‘हो’सुद्धा तुटक आणि चढ्या आवाजात ओरडतो, आणि बैल थांबण्याऐवजी पळतो.

सौदा पटल्यावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. उरलेले पैसे देण्यापूर्वी जुन्या मालकाकडून जनावराचे नाव, चालवायचा आणि थांबवायचा हाकारा, कोणत्या बाजूने जवळ गेलेले चालते, आणि जोडीतला कोणता बैल कोणत्या अंगाला बांधतात, हे त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच सुरात ऐकून घ्यावे. जमले तर त्याला एकदा हाक मारायला लावून कान कसे फिरतात ते पाहावे. घरी पहिले काही दिवस तोच हाकारा वापरावा आणि जोडीची जागा बदलू नये. जुने दावे सोबत मिळाले तर तेही न्यावे. त्याला जनावराचा आणि त्याच्या गोठ्याचा वास असतो.