नळी फुगली, खडा बेपत्ता

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या एका काकूंना उजव्या बरगडीखाली कळ आली. "नेवऱ्या जास्त झाल्या, पित्त झालंय," म्हणत त्यांनी सोलकढी आणि अँटासिडवर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, डोळे पिवळे दिसायला लागले आणि मग इस्पितळाची कॅज्युअल्टी गाठली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चाकांवरचं सोनोग्राफी यंत्र खाटेशी ओढलं, पाचेक मिनिटं पोटावर प्रोब फिरवला आणि म्हणाल्या, "पित्ताची नळी 11 मिलिमीटर रुंद आहे. खडा दिसत नाही." काकूंच्या मुलाने लगेच मला फोन लावला, "सर, खडा नाही म्हणाल्या!"

तसं त्या म्हणाल्याच नव्हत्या.

मुळात 'पित्त' हा शब्दच घोटाळ्याचा. छातीत जळजळतं तेव्हा वर येतं ते जठरातलं आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो. जेवणातली चरबी आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक पित्ताशयाला पिळतं आणि रस मुख्य पित्तनळीतून लहान आतड्याच्या तोंडाशी उतरतो. पित्ताशयातला खडा घरंगळत येऊन या नळीत अडकला की मागे रस तुंबतो, नळी फुगते, बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य रक्तात चढून कावीळ दिसते. तुंबलेल्या रसात जंतू वाढले की ताप. दुखणं, ताप आणि कावीळ हे त्रिकूट शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी 1877 मध्ये नोंदवलं. आजही तिन्ही एकत्र दिसली की कॅज्युअल्टीत धावपळ सुरू होते.

निरोगी नळी साधारण 6 मिलिमीटरपर्यंत. साठीनंतर दर दहा वर्षांमागे एखादा मिलिमीटर माफ, आणि पित्ताशय काढलेलं असेल तर 10 पर्यंतही चालते.

मी भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यामुळे मला आजारापेक्षा या मोजमापाचंच कौतुक जास्त. कातडीवरून 6 मिलिमीटर मोजायचे कसे? गोव्यातल्या मालिम जेटीवरच्या ट्रॉलरमध्ये मासे शोधायचं यंत्र असतं, त्याच युक्तीने. आवाज सोडा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजा. समुद्रात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर, शरीराच्या मऊ भागांत 1540. इथेतिथे पाणीच! नळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भिंतीवरून येणाऱ्या प्रतिध्वनींमध्ये जेमतेम 8 मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं, आणि यंत्र त्याचे मिलिमीटर करून देतं.

पडद्यावर यकृत करडं दिसतं, कारण त्यातल्या असंख्य बारीक रचना थोडा थोडा आवाज परत पाठवतात. पित्तरस एकजिनसी, त्यातून काहीच परतत नाही, म्हणून नळी काळी. पण रक्तही काळंच दिसतं, आणि यकृताच्या दाराशी तीन नळ्या एकमेकींना चिकटून असतात. आडव्या छेदात आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी मोठी पोर्टल शीर म्हणजे चेहरा, वर दोन कान. एक यकृताची धमनी, दुसरी पित्तनळी. डॉक्टर याला चक्क 'मिकी माउस' म्हणतात. आता कुठला कान मोजायचा?

इथे डॉप्लर येतो. धावत्या रक्तावरून परतलेल्या आवाजाची वारंवारता बदलते. प्रोबचा आवाज 3 मेगाहर्ट्झचा आणि रक्ताचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर धरला, तर फरक येतो सुमारे 780 हर्ट्झचा, म्हणजे थेट कानाला ऐकू येईल एवढा. मात्र हा फरक कोनाच्या कोसाइनवर अवलंबून असतो (कोसाइन आला म्हणून पान उलटू नका). प्रवाहाशी 60 अंशांचा कोन झाला की फरक निम्मा, 90 अंशांना शून्य. म्हणजे प्रोब काटकोनात धरला तर वाहती रक्तवाहिनीसुद्धा निश्चल दिसते आणि नवखा डॉक्टर तिलाच पित्तनळी समजून मोजून मोकळा होतो. प्रोब थोडा कलता केला की शीर आणि धमनी रंगतात. ज्या नळीत रंग भरत नाही, ती आपली.

मग खडा का दिसेना? नळीचं खालचं टोक आतड्यामागे दडलेलं असतं आणि आतड्यात असतो वायू. मऊ भागातून हवेच्या सीमेवर पोचलेला आवाज 99 टक्क्यांहून जास्त मागे फिरतो, पलीकडे काही जातच नाही. म्हणून तर पोटावर ती गार जेल फासतात, प्रोब आणि कातडीमध्ये हवा राहू नये म्हणून. गंमत अशी, की बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते म्हणूनच ते ट्रॉलरवाल्याला दिसतात. त्याची मित्र ती हवा डॉक्टरची वैरीण. पित्ताशयातला खडा सोनोग्राफीत सहसा निसटत नाही, नळीच्या टोकाचा मात्र बऱ्याचदा निसटतो. शिवाय अडथळा नुकताच झाला असेल तर नळी फुगायलाही वेळ लागतो. त्यामुळे रक्ततपासणी हवीच. ती आणि पित्ताशय दोन्ही ठीक असतील तर खाटेशी नळी मोजण्यात वेळ घालवू नये, असंही काही डॉक्टर म्हणतात, आणि मला ते पटतं.

काकूंच्या घरी दरम्यान कावीळ 'उतरवणारा' बोलवायचं घाटत होतं. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळं होणारच, कावीळ असो वा नसो. विषाणूची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय त्या पाण्याला जातं. अडकलेल्या खड्याची कावीळ अशी वाट बघत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाने खडे 'पाडण्याचा' व्हॉट्सअॅपवरचा उपायही त्याच जातीचा. शौचातून पडतात त्या हिरव्या गोळ्या बहुतांशी त्याच तेलाचा पोटात बनलेला साबण.

काकूंना दुसऱ्या दिवशी एमआरआयच्या खोलीत नेलं, त्यात खडा दिसला. मग घशातून दुर्बीण घालून, नळीचं तोंड किंचित कापून तो काढला. मसुराच्या दाण्याएवढा. मुलाने माझ्याकडून सोनोग्राफीचा फोटो मागून घेतला आणि विचारलं, यात तो होता कुठे? खालच्या कोपऱ्यातल्या धुरकट पांढऱ्या ढगावर मी बोट ठेवलं.