अंतराळयान गोठत नाही, तापतं

नवी विज्ञानकथा मालिका जाहीर झाली आणि तिचा पहिला ट्रेलर आला, की चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एका बाजूचे हरखलेले असतात: या वेळी सल्लागार म्हणून खरे शास्त्रज्ञ घेतलेत, मूळ कथेला हात लावलेला नाही, यानं कशी वापरातली वाटतात बघा! दुसऱ्या बाजूचे आधीच पोळलेले असतात. पहिला सीझन नेटका काढतील, दुसऱ्यात विज्ञान गुंडाळून ठेवतील आणि तिसऱ्याच्या आत मालिका बंद करतील, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं. अंतराळात स्फोटाचा आवाज येतो का, यानात पाय जमिनीला कसे टेकतात, हे वाद आता जुने झाले आणि त्यांची उत्तरं बहुतेक चाहत्यांना पाठ आहेत. माझी नजर मात्र ट्रेलरमध्ये पहिल्यांदा यानाचे रेडिएटर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारे पत्रे, शोधते, आणि बहुतेक वेळा ते सापडत नाहीत.

त्याऐवजी एक ठरलेलं दृश्य सापडतं. यानाचं इंजिन बंद पडतं, दिवे विझतात आणि पुढच्या दोन मिनिटांत भिंतींवर हिमाची नक्षी उमटते. नायिकेच्या तोंडातून वाफा निघतात. प्रेक्षकाला ते खरं वाटतं, कारण ‘अंतराळ भयंकर थंड असतं’ हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं.

शाळेत उष्णतेच्या संक्रमणाचे तीन मार्ग शिकवतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. थंडीत आपण गारठतो ते मुख्यतः पहिल्या दोन मार्गांनी, म्हणजे थंड हवा अंगाला लागते, उष्णता घेते आणि निघून जाते. अंतराळात हवा नाही, पाणी नाही, यानाला टेकलेलं काहीच नाही. वहन आणि अभिसरण दोन्ही बंद. उरतं ते फक्त प्रारण, म्हणजे उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडणं, आणि खोलीच्या तापमानाला ते फार संथ चालतं. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतात ती याच कारणासाठी. अंतराळयान म्हणजे असा थर्मास, ज्याच्या आतच शेगडी पेटलेली आहे. माणसं, संगणक, पंप, दिवे, इंजिन, सगळे मिळून सतत उष्णता तयार करत असतात आणि ती बाहेर जायला वाट अरुंद असते.

प्रत्यक्षातल्या मोहिमांमध्ये हा प्रश्न पुन:पुन्हा समोर आला आहे. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक सोडलं, तेव्हा उड्डाणाच्या दुसऱ्याच मिनिटाला त्याचं बाहेरचं संरक्षक कवच फाटून गेलं. ते कवच सावलीचंही काम करणार होतं. आतलं तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर गेलं. पहिले अंतराळवीर २५ मे रोजी निघाले ते सोबत छत्रीसारखं उघडणारं कापड घेऊन, आणि ते बाहेर उघडल्यावरच स्थानक राहण्याजोगं झालं. त्याआधी, जून १९६६ मध्ये, जेमिनी ९-अ मोहिमेत यूजीन सर्नन यानाबाहेर पडले. पोशाखातली हवा त्यांना थंड ठेवायला पुरली नाही, घामाने शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली आणि त्यांना समोरचं दिसेना. पुढे अपोलोच्या अंतराळवीरांनी पोशाखाच्या आत थंड पाण्याच्या बारीक नळ्या विणलेले कपडे घातले. विश्रांती घेणारा माणूसही साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, कष्टाचं काम करणारा त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘पोशाखाशिवाय बाहेर फेकलेला माणूस क्षणात बर्फाचा पुतळा होतो’ हेही खोटं. प्राणवायू न मिळाल्याने तो दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडेल आणि लगेच मदत मिळाली नाही तर मरेल, पण शरीर गोठायला तास लागतील.

इथे जाणकार चाहते चंद्राकडे जाताना प्राणवायूची टाकी फुटलेल्या अपोलो १३ ची आठवण करून देतील, आणि ती रास्तच आहे. एप्रिल १९७० मध्ये त्या यानातलं तापमान गोठणबिंदूच्या जवळ उतरलं होतं, हे खरं. पण ते कसं उतरलं ते पाहायला हवं. यान छोटं होतं, वीज वाचवण्यासाठी जवळजवळ सगळी उपकरणं बंद केली होती, आणि यानाची रचना मात्र ती उपकरणं चालू असतील असं धरून केलेली होती. आत तयार होणारी उष्णता घटली, बाहेर जाणारी चालू राहिली आणि तोल हळूहळू खाली सरकला. याला दिवस लागले. मालिकेने हीच घसरण एका पूर्ण भागात, तासातासाने दाखवली तर मी आनंदाने पाहीन.

आता माझ्या आवडत्या समीकरणाकडे येऊ. योसेफ स्टीफन यांनी १८७९ मध्ये मोजमापांवरून मांडलं आणि लुडविग बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये सिद्धांतातून काढून दाखवलं, की तापलेला पृष्ठभाग प्रारणाने जी ऊर्जा सोडतो ती त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सियसला शून्य धरून केल्विनमध्ये मोजलेल्या) चौथ्या घातानुसार वाढते. चौथा घात! तापमान दुप्पट केलं तर प्रारण सोळा पट, चौपट केलं तर दोनशे छप्पन्न पट. ३०० केल्विनला, म्हणजे सुखद २७ अंश सेल्सियसला, आदर्श काळ्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर जेमतेम ४६० वॅट सोडतो. १,२०० केल्विनला तोच चौरस मीटर १ लाख १७ हजार वॅटच्या वर सोडतो.

हे आकडे यानाला लावून बघा. या मालिकांमधली यानं दिवसेंदिवस पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने पळतात. यानाचं वस्तुमान १,००० टन धरलं आणि इंजिनातून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर धरला, तर त्या झोताची शक्ती सुमारे ५ टेरावॅट होते. त्यातला हजारातला एक भाग जरी उष्णता म्हणून यानात मुरला, तरी ते झाले ५ गिगावॅट, म्हणजे ५०० कोटी वॅट. आपण लेखकांना आणखी सवलत देऊ आणि फक्त १ गिगावॅट धरू. ही उष्णता २७ अंशांच्या रेडिएटरमधून बाहेर टाकायची, तर दोन्ही बाजूंनी प्रारण होतं असं मानूनही सुमारे ११ लाख चौरस मीटरचा पत्रा लागेल, एक चौरस किलोमीटरपेक्षा मोठा. रेडिएटर १,२०० केल्विनला तापवला, तर ४,२५० चौरस मीटर पुरतात, म्हणजे साधारण ६५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्या तापमानाला तो नारिंगी-लाल झळकेल. खरं अंतराळयान असं दिसायला हवं: मधे बारीकसा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना धगधगणारे पंख. याहून देखणं दृश्य व्हीएफएक्सवाल्यांना कुठे मिळणार आहे?

मग पंख आणखी तापवून आणखी छोटे का करू नयेत? इथे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेला उष्णता-इंजिनांचा सिद्धांत आडवा येतो. यानाला वीजही हवी असते, आणि उष्णतेपासून वीज करणारं कुठलंही इंजिन गरम बाजू आणि थंड बाजू यांच्यातल्या फरकावर चालतं. रेडिएटर ही त्याची थंड बाजू. अणुभट्टी १,६०० केल्विनला आणि रेडिएटर ४०० केल्विनला असेल, तर जास्तीत जास्त ७५ टक्के उष्णतेचं काम होऊ शकतं. कार्यक्षमता उत्तम, पण रेडिएटर इतका ‘गार’ की अवाढव्य करावा लागतो. उलट रेडिएटर १,५०० केल्विनला नेला, तर चौरस मीटरमागे प्रारण प्रचंड, पण इंजिनाची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के. तेवढ्याच विजेसाठी कितीतरी जास्त उष्णता निर्माण करावी लागते आणि ती सगळी पुन्हा बाहेर टाकावी लागते. म्हणजे दोन टोकांच्या मधे कुठेतरी रेडिएटर सर्वांत लहान असणार. क्षेत्रफळ कमीत कमी हवं, तर गरम आणि थंड तापमानांतला फरक गुणिले थंड तापमानाचा घन ही राशी जास्तीत जास्त व्हायला हवी. बारावीचं कलन वापरून उत्तर निघतं: रेडिएटरचं तापमान भट्टीच्या बरोबर तीन-चतुर्थांश. भट्टी १,६०० केल्विनला तर रेडिएटर १,२०० ला, आणि आदर्श कार्यक्षमता २५ टक्के. जमिनीवरचा अभियंता २५ टक्के ऐकून नाक मुरडेल, कारण त्याच्याजवळ नदी किंवा समुद्र असतो. अंतराळात नदी नाही, म्हणून तिथे कमी कार्यक्षम इंजिन हेच शहाणपणाचं. यानं किती काटकसरी आणि कार्यक्षम आहेत याच्या फुशारक्या मारणारी पात्रं मला म्हणूनच खटकतात.

‘ती वाया जाणारी उष्णता परत वापरून वीज करू’ हा चाहत्यांच्या चर्चेतला लाडका उपाय. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो चालू देत नाही. थंड बाजूशिवाय उष्णतेतून काम निघत नाही, आणि इथे थंड बाजूचीच तर टंचाई आहे. पंप वापरून उष्णता कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे मात्र चढवता येते. ३०० केल्विनची उष्णता ६०० केल्विनच्या रेडिएटरवर न्यायला, आदर्श पंपालाही त्या उष्णतेएवढंच काम खर्च करावं लागतं. टाकायची उष्णता दुप्पट झाली, प्रारण सोळा पट झालं, म्हणजे रेडिएटर एक-अष्टमांश पुरला. फायदा आहे, पण त्यासाठी वीज हवी, आणि ती वीज करताना पुन्हा उष्णता!

हे फक्त कथेपुरतं नाही. ‘अंतराळ थंडच असतं, तेव्हा डेटा सेंटर वर नेली की सर्व्हर फुकटात गार होतील’ असं सध्या ठासून सांगितलं जातं. वर सूर्यप्रकाश भरपूर मिळतो हा मुद्दा खरा आहे. फुकटच्या गारव्याचा नाही. एका मेगावॅटसाठी, २७ अंशांवर, दोन्ही बाजूंनी प्रारण धरूनही हजार चौरस मीटरहून मोठा रेडिएटर लागतो, आणि यात सूर्याकडून व पृथ्वीकडून येणारी उष्णता धरलेलीच नाही. ‘थंड’ या एका शब्दावर गुंतवणूकदार भुलणार असतील, तर त्यांना आधी शाळेतला प्रारणाचा धडा वाचायला द्यावा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे फोटो पाहताना बहुतेकांचं लक्ष सोनेरी सौरपंखांकडे जातं. त्यांच्याशी काटकोनात असलेले पांढरे, पन्हाळीदार पत्रे हे रेडिएटर. आत पाणी फिरतं, ते आपली उष्णता बाहेरच्या अमोनियाला देतं आणि अमोनिया ती या पत्र्यांपर्यंत नेतो. अमोनिया उणे ७७ अंशांपर्यंत गोठत नाही म्हणून बाहेर तो, आणि विषारी आहे म्हणून माणसांच्या बाजूला पाणी. ही व्यवस्था सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते, आणि पत्र्यांची कड सूर्याकडे राहावी म्हणून ते फिरवता येतात. स्पेस शटलचे रेडिएटर मालकक्षाच्या दारांच्या आतल्या बाजूला होते. कक्षेत पोचल्यावर ती दारं उघडली नाहीत तर मोहीम सोडून परतावं लागणार, असा नियम होता.

मग मालिकांमध्ये रेडिएटर का नसतात? १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातल्या डिस्कव्हरी यानाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत ते होते. हवा नसलेल्या जागी यानाला पंख कशाला, असं प्रेक्षक विचारतील या धास्तीने ते काढले गेले. इतक्या काटेकोर चित्रपटाने माघार घेतली, आणि पुढच्या कित्येकांनी तोच कित्ता गिरवला. आजचा प्रेक्षक वेगळा आहे. त्याने स्थानकाचं थेट चित्रण पाहिलंय, पात्राने एका वाक्यात सांगितलं तर त्याला कळेल.

संशयी चाहत्यांची भीती अशी, की इतकं काटेकोर विज्ञान कथेची मजा मारेल. मला उलट वाटतं. लपून बसण्याचंच घ्या. १ गिगावॅट उष्णता टाकणारं यान रेडिएटर थंड ठेवो वा गरम, एकूण अवरक्त प्रकाश १ गिगावॅटच सोडणार. मागचं आकाश तीन केल्विनहूनही थंड, त्यामुळे ते दुरून उठून दिसणार. ‘इंजिन बंद करा, म्हणजे आपण दिसणार नाही’ हा संवाद खोटा ठरतो. एक युक्ती उरते: शत्रूच्या दिशेला थंड ढाल धरायची आणि उष्णता विरुद्ध दिशेला सोडायची. जेम्स वेब दुर्बीण सूर्याकडे पाच पदरी पडदा धरूनच मागे ४० केल्विनच्या आसपास राहते. पण शत्रूची दोन यानं दोन दिशांना असली की ही युक्ती संपली. दुसरं यान कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या कप्तानाची घालमेल लिहायला लेखकाला आणखी काय हवं?

आणि लढाई. रेडिएटर हा यानाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नाजूक भाग, एक गोळी लागली की आतला द्रव बाहेर. म्हणून लढण्याआधी ते मिटून घ्यावे लागतील आणि उष्णता यानातच साठवावी लागेल. समजा यानावर १,००० टन पाणी आहे. १ गिगावॅट उष्णतेने ते ५ अंशांवरून उकळीला यायला साडेसहा मिनिटं लागतात. उकळून सगळं वाफ होऊन बाहेर जायला आणखी सुमारे ३८ मिनिटं. म्हणजे पाऊण तासाच्या आत लढाई संपवायची, नाहीतर भट्टी बंद करून हतबल व्हायचं. हे पाणी पिण्याचंही होतं, आणि किरणोत्सारापासून आडोसा म्हणूनही तेच होतं, त्यामुळे जिंकलं तरी परतीचा प्रवास कठीण. वेळ संपायच्या आत एखाद्या कप्तानाने शत्रूसमोर पंख उघडले, तर त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच कळेल: आता आम्ही लढत नाही.