होपवेल पॅरिश

होपवेल पॅरिश हा कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील ऑल्बर्ट काउंटीचा एक विरळ वस्तीचा ग्रामीण विभाग होय. पेटिकोडिअ‍ॅक नदी फंडी उपसागराच्या शेपडी या फाट्याला जेथे मिळते, तेथे नदीच्या पश्चिमेस तो पसरलेला आहे. पॅरिश हा शब्द मूळचा चर्चच्या कारभारातील असला, तरी या प्रांतात तो काउंटीच्या मुलकी पोटविभागाला लावला जातो.

येथील भूगोलाची आणि इतिहासाचीही सूत्रे भरतीच्या हाती आहेत. फंडीच्या टोकाशी उपसागर चिंचोळा होत गेल्याने पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते आणि मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील अंतर १४ मीटरपर्यंत जाते. १६९८ मध्ये पिएर तिबोदो या अकेडियन (येथे स्थायिक झालेल्या फ्रेंच भाषकांपैकी) वसाहतकाराने शेपडीच्या काठी, म्हणजे तत्कालीन शिपुदीत, वस्ती उभारली. जंगल तोडण्यापेक्षा अकेडियनांनी खारबंदिस्ती पत्करली: मातीच्या बांधात लाकडी झडप बसवायची, ती ओहोटीला आतले गोडे पाणी सोडी आणि भरती येताच खाऱ्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटे. मीठ धुऊन निघण्यास काही वर्षे लागत. मग मात्र गाळाची ती जमीन उत्तम पिके. १७५५ मध्ये ब्रिटिश सैन्याने शिपुदीची घरे जाळली व अकेडियनांची हकालपट्टी सुरू केली. त्यानंतर आलेल्या इंग्रजी भाषकांना हे बांध आयतेच मिळाले, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

१७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक नोव्हा स्कोशियापासून वेगळा झाला आणि १७८६ मध्ये पॅरिशची रीतसर स्थापना झाली. १८४५ मध्ये ऑल्बर्ट काउंटी निर्माण होताच होपवेल केप तिचे मुख्य ठाणे बनले. एकोणिसाव्या शतकात येथे लाकडी शिडाची जहाजे बांधली जात. कॅनडाचे पंतप्रधान (१९३०–३५) रिचर्ड बेडफर्ड बेनेट यांचा जन्म १८७० मध्ये येथील होपवेल हिल येथे, जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यात झाला. वाफेच्या जहाजांपुढे हा धंदा टिकला नाही. २०२३ च्या पुनर्रचनेत होपवेल केप फंडी ऑल्बर्ट या नव्या ग्रामपालिकेत आले.

आज पर्यटक येतात ते होपवेल रॉक्स पाहण्यासाठी. पिंडाश्म व वालुकाश्म यांचे हे सुळके लाटांनी तळाशी कोरले गेले असून त्यांच्या माथ्यावर झाडे उगवलेली आहेत. ओहोटीला त्यांच्या पायथ्याशी हिंडता येते आणि त्याच जागी काही तासांनी होड्या चालतात. धूप थांबलेली नाही. मार्च २०१६ मध्ये ‘एलिफंट रॉक’ या प्रसिद्ध सुळक्याचा मोठा भाग कोसळला.